इराकमधली जादा कुमक आणि राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव

प्रश्न राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. जानेवारी २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकमध्ये जादा सैन्य पाठवायचे ठरवले, तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या आमदारांनी त्याविरुद्ध ठराव आणले. युद्ध आणि परराष्ट्र धोरण हे विषय केंद्राचे. मग राज्याच्या आमदाराने त्यात पडायचे कारण काय, आणि अशा ठरावाला काही किंमत असते की ती नुसती प्रसिद्धी, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका राज्याच्या विधिमंडळात तेवीस वर्षे मसुदे लिहिण्याची नोकरी केली. आमदार कल्पना घेऊन येतो, आम्ही ती कायद्याच्या भाषेत बसवून देतो. दोन्ही पक्षांचे मसुदे आमच्याच टेबलावरून जातात आणि स्वतःचे मत आम्ही घरी ठेवून येतो. आता निवृत्त आहे, त्यामुळे मतही सांगतो.

आधी सरळ उत्तर. अशा ठरावाला कायद्याने काडीचेही बंधन नसते. राज्याने कितीही एकमताने ठराव केला तरी त्याने एकही सैनिक थांबत नाही आणि एकही परत येत नाही. तरीही त्या वर्षी ठराव आणणाऱ्या आमदारांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्या सैन्याबद्दल ते बोलत होते, त्यातला मोठा भाग त्यांच्या राज्याचा होता.

हे आपल्याकडच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे सैन्य सगळे केंद्राचे. आपली राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी निवडणूक बंदोबस्ताला दुसऱ्या राज्यात जाते, पण परदेशात लढायला जात नाही. अमेरिकेत नॅशनल गार्ड नावाचे दल आहे आणि ते प्रत्येक राज्याचे वेगळे असते. पूर आला, वणवा पेटला, चक्रीवादळ झाले की गव्हर्नर त्याला बोलावतो. त्यातले लोक पूर्णवेळ सैनिक नसतात. कोणी शिक्षक, कोणी रुग्णालयात नर्स, कोणी ट्रक चालवणारा, बरेच जण पोलीस किंवा अग्निशमन दलात. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे सराव, एवढीच एरवीची बांधिलकी.

पण १९३३ पासून गार्डमध्ये भरती होणारा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी भरती होतो, राज्याच्या गार्डमध्ये आणि केंद्राच्या राखीव सैन्यात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी १९९० च्या एका निकालात हे फार छान मांडले आहे: गार्डच्या माणसाच्या कपाटात तीन टोप्या असतात, एक साध्या नागरिकाची, एक राज्याच्या दलाची आणि एक सैन्याची, एका वेळी डोक्यावर एकच. कोणती टोपी कधी घालायची हे ठरवण्याचा अधिकार शेवटी वॉशिंग्टनकडे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, आणि आणीबाणीच्या कलमाखाली गार्डच्या माणसाला त्याच्या किंवा गव्हर्नरच्या संमतीशिवाय सलग चोवीस महिन्यांपर्यंत बोलावता येते.

इराकमध्ये या तरतुदीचा वापर सढळ हाताने झाला. मिनेसोटाचे उदाहरण घ्या. ३४ व्या इन्फंट्री डिव्हिजनची पहिली ब्रिगेड म्हणजे तिथला गार्ड. २००५ च्या शरद ऋतूत ती बोलावली गेली, मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत सहा महिने सराव झाला आणि मार्च २००६ मध्ये इराकमध्ये दाखल झाली. वर्षभराने परत यायचे ठरलेले. त्याप्रमाणे घराघरांतून बेत आखलेले होते: कोणाचे लग्न, कोणाचे कॉलेजचे सत्र, कोणाच्या शेतात वसंतातली पेरणी. जानेवारी २००७ मध्ये जादा कुमकेचा निर्णय झाला आणि या ब्रिगेडचा मुक्काम १२५ दिवसांनी वाढला. त्यात मिनेसोटाचे सुमारे २,६०० जण होते. ते जुलै २००७ मध्ये घरी आले, घर सोडल्यापासून बावीस महिन्यांनी. इराकमध्ये सलग इतका काळ काढलेली दुसरी तुकडी तोवर नव्हती.

पुढचा तपशील मला आजही बोचतो. ७३० दिवसांचे आदेश असतील तर शिक्षणाचा मोठा भत्ता मिळत असे. त्यातल्या हजाराहून जास्त सैनिकांच्या आदेशावर ७२९ दिवस लिहिलेले निघाले. एका दिवसाने हुकले. त्यावर ओरड झाली, मिनेसोटाच्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केला आणि लष्कराला ती प्रकरणे पुन्हा पाहावी लागली. 'परराष्ट्र धोरण केंद्राचे' हे वाक्य बरोबरच आहे, पण ७२९ दिवसांचा कागद घेऊन मुलगा येतो तो आपल्या गावच्या आमदाराच्या दारात.

आता २००७ चा क्रम. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत बुश यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाने काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहे जिंकली होती. डिसेंबरात इराक धोरण तपासणाऱ्या बेकर आणि हॅमिल्टन यांच्या समितीचा ७९ शिफारशींचा अहवाल आला आणि लढाऊ सैन्य हळूहळू काढून घ्यावे असा त्याचा एकंदर सूर होता. त्याच महिन्याच्या अखेरीस इराकमधल्या अमेरिकी मृतांचा आकडा ३,००० वर पोचला. आणि १० जानेवारी २००७ च्या रात्री बुश यांनी टीव्हीवर उलट दिशेचा निर्णय जाहीर केला: वीस हजारांहून अधिक जादा सैनिक, बहुतेक बगदादला, ४,००० मरीन अनबार प्रांतात. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी गार्ड बोलावण्याचे नियम बदलले. त्याआधी गार्डच्या माणसाला एकूण चोवीस महिने सेवा झाली की सहसा पुन्हा सक्तीने बोलावत नसत. ती एकूण मर्यादा गेली, आणि एका वेळी बारा महिने अशी नवी आली. वाचायला हे सौम्य वाटते. ज्याची एक फेरी झाली होती त्याच्यासाठी याचा अर्थ एवढाच की दुसरीची तयारी ठेव.

राज्यांची अधिवेशने जानेवारीतच सुरू होतात. त्यामुळे ठराव लगेच आले.

सगळ्यात पुढे होते व्हर्मांट. लोकसंख्या जेमतेम सव्वासहा लाख, आणि त्या सुमारास लोकसंख्येच्या प्रमाणात इराकमधले मृत्यू त्या राज्यात सर्वांत जास्त असल्याचे सांगितले जाई. १३ फेब्रुवारी २००७ रोजी तिथल्या दोन्ही सभागृहांनी ठराव केले. नुसती सैन्यवाढ नको एवढ्यावर ते थांबले नाहीत, सैन्य परत आणायला सुरुवात करा असे म्हणाले. असे म्हणणारे ते देशातले पहिले विधिमंडळ. पण त्याची मुळे दोन वर्षे आधीची आहेत आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. व्हर्मांटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा भरते. आपली ग्रामसभा कागदावर जशी असायला हवी तशी ती प्रत्यक्षात असते: रस्त्यावरचे बर्फ काढण्याच्या खर्चापासून शाळेच्या छपरापर्यंत सगळे तिथे हात वर करून ठरते. १ मार्च २००५ रोजी सुमारे ५० गावांनी या सभेत इराकचा विषय घेतला, आणि त्यांनी विधिमंडळाकडे केलेली एक मागणी अगदी नेमकी होती: आपला गार्ड तिकडे गेल्यामुळे राज्यावर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास करा. युद्ध चांगले की वाईट यावर गावात दोन तट पडतील, पण 'आपली माणसे गेल्यावर इथे काय उरते' हा प्रश्न दोन्ही तटांचा असतो.

त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या सिनेटनेही सैन्यवाढीविरुद्ध ठराव केला. पुढे तिथल्या विधिमंडळाने सैन्य माघारीबद्दल मतदारांचा कौल घेण्याचे विधेयक मंजूर केले, ते गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. बाकीच्या बहुतेक राज्यांत ठराव समितीतच अडकले किंवा एका सभागृहात होऊन दुसऱ्यात पडून राहिले.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो, कारण ठरावाची किंमत कशात असते हे मी तिथे शिकलो.

एका तरुण आमदाराने पहिला मसुदा स्वतःच लिहून आणला होता. इंग्रजी ठरावाची रचना आपल्या शासकीय अधिसूचनेसारखीच असते: आधी एकामागून एक 'ज्याअर्थी', आणि शेवटी 'त्याअर्थी'. त्याच्या मसुद्यात अकरा 'ज्याअर्थी' होते आणि अकराही आकाशातले. आंतरराष्ट्रीय कायदा, अध्यक्षांची दिशाभूल, मध्यपूर्वेचा इतिहास. एकातही आमचे राज्य नव्हते. मी त्याला एवढेच विचारले, "यातले एक तरी वाक्य असे आहे का, जे फक्त तुम्हीच लिहू शकता आणि वॉशिंग्टनमधला माणूस लिहू शकत नाही?" तो थोडा रागावला, पण गेला आणि दहा दिवसांनी परत आला तो एका छोट्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या प्रमुखाला घेऊन.

ते गृहस्थ साठीचे, व्यवसायाने शेतकरी आणि पक्षाने रिपब्लिकन. बुश यांना दोन्ही वेळा मत दिलेले. समितीपुढे बोलायला उभे राहिले तेव्हा खिशातून वहीचे एक घडी घातलेले पान काढले. त्यावर पेन्सिलीने चौदा नावे होती, त्यांच्या दलातल्या माणसांची. तीन नावांपुढे फुली होती. ती तीन मुले गार्डमधून इराकला गेलेली. ते म्हणाले, "मी युद्धाबद्दल काही बोलायला आलेलो नाही. आमच्याकडे नळाची लाइन नाही, आगीला पाणी टँकरने न्यावे लागते. टँकर चालवायचा परवाना चौघांकडे आहे. त्यातले दोघे या फुल्यांमध्ये आहेत. उरलेल्या दोघांपैकी एक मी." मग पान घडी करून खिशात ठेवले आणि बसले. दोन मिनिटेही झाली नसतील. त्या खोलीत त्याआधी तासभर चाललेली भाषणे मला आता आठवत नाहीत. ते पान आठवते.

नवा मसुदा त्या पानाभोवती लिहिला. गार्डमधून राज्यातले किती पोलीस, किती अग्निशामक, किती परिचारिका बाहेर आहेत; किती ट्रक, किती जनित्रे, किती हेलिकॉप्टर परत आलेली नाहीत. शेवटचा आकडा मिळवायला फार त्रास झाला. ज्या कार्यालयाकडे तो होता त्याने आधी गोपनीयतेचे कारण सांगितले, मग 'पुढच्या आठवड्यात' असे चार वेळा सांगितले. अधिवेशन संपत आले तेव्हा अर्धवट तक्ता हातात आला. राज्याच्या पैशाने ज्याचे शेड बांधले, त्या ट्रकची संख्या राज्याच्या विधिमंडळाला कळू नये याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

हा प्रश्न फक्त आमचा नव्हता. केंद्राच्याच नॅशनल गार्डविषयक आयोगाने १ मार्च २००७ रोजी सांगितले की देशात असलेल्या आर्मी नॅशनल गार्डच्या सुमारे ८८ टक्के तुकड्यांकडे पुरेशी सामग्री नाही. एखादी तुकडी इराकमध्ये गेली की तिची वाहने आणि यंत्रे पुष्कळदा तिथेच पुढच्या तुकडीसाठी ठेवून घेत. माणसे परत येत, ट्रक येत नसत. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ आले तेव्हा लुइझियाना गार्डची २५६ वी ब्रिगेड, सुमारे ३,००० माणसे, बगदादच्या परिसरात होती. शेजारच्या मिसिसिपीचीही एक ब्रिगेड इराकमध्ये. आणि ४ मे २००७ च्या रात्री कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्ग या दीडेक हजार वस्तीच्या गावावरून सर्वांत वरच्या प्रतीचे चक्रावात (टोर्नेडो) गेले आणि गावाचा सुमारे ९५ टक्के भाग जमीनदोस्त झाला. गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांनी जाहीरपणे सांगितले की गार्डची वाहने इराकमध्ये असल्यामुळे ढिगारे उपसायचे काम हळू चालले आहे. व्हाइट हाउसने ते मान्य केले नाही आणि दोन दिवस त्यावरून वाद झाला. पण गव्हर्नरला असे म्हणण्याची वेळ यावी, याचीच भीती आमच्या ठरावात तीन महिने आधी लिहिलेली होती.

आता तुमच्या प्रश्नातला कायद्याचा भाग. राज्यांनी फक्त ठरावच केले असे नाही, त्यांनी याहून पुढे जाऊन पाहिले आहे आणि दर वेळी न्यायालयात हरली आहेत.

१८१२ च्या युद्धात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर केलेब स्ट्राँग यांनी राज्याचे मिलिशिया, म्हणजे आजच्या गार्डचे पूर्वरूप, केंद्राला द्यायलाच नकार दिला होता. पुढे १८२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मिलिशिया बोलावण्याची निकड आहे की नाही हे ठरवणारा एकटा राष्ट्राध्यक्ष. व्हिएतनामच्या वेळी पुन्हा मॅसॅच्युसेट्सच. २ एप्रिल १९७० रोजी गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी एका कायद्यावर सही केली. काँग्रेसने युद्ध घोषित केलेले नसताना राज्यातल्या कोणालाही परदेशातल्या लढाईत भाग घ्यायला भाग पाडता येणार नाही, असा तो कायदा. राज्याने संरक्षणमंत्री लेअर्ड यांच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा आणला. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो ऐकायलाच नकार दिला. मग राज्य खालच्या संघीय न्यायालयांत गेले. १९७१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दावा फेटाळताना दिलेले कारण तुमच्या प्रबंधात यायला हवे: काँग्रेसने वर्षानुवर्षे या युद्धासाठी पैसे मंजूर केले आहेत, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस या दोघांनी मिळून ते चालवले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर पुरवणी मागण्यांना हात वर केला की संमती झाली, घोषणापत्र असो वा नसो.

तिसरी वेळ १९८० च्या दशकातली. रेगन सरकारच्या मध्य अमेरिकेतल्या धोरणावर नाराज असलेल्या काही गव्हर्नरांनी आपला गार्ड होंडुरासमध्ये सरावाला पाठवायला नकार दिला. तेव्हाच्या कायद्यात अशा सरावासाठी गव्हर्नरची संमती लागत असे. मग १९८६ मध्ये काँग्रेसने मिसिसिपीचे सदस्य माँटगोमेरी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती केली: ठिकाण, हेतू, प्रकार किंवा वेळापत्रक आवडले नाही म्हणून गव्हर्नरला संमती नाकारता येणार नाही. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी तिला आव्हान दिले आणि ११ जून १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फेटाळले. तीन टोप्यांचे वाक्य याच निकालातले.

पण निकाल नीट वाचला तर त्यात एक फट दिसते. दुरुस्तीने गव्हर्नरची चार कारणे काढून घेतली, सगळी नाही. सरावासाठी गार्ड नेल्यामुळे स्थानिक आपत्तीला तोंड देण्याची राज्याची क्षमताच राहत नसेल, तर त्या कारणावर संमती नाकारण्याला जागा उरते, हे निकालातच नोंदलेले आहे. इराकसाठी माणसे बोलावली ती सक्तीच्या कलमाखाली, तिथे संमतीचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे या फटीतून २००७ मध्ये कोणाला जाता आले नसते. तरी मला त्यात एक खूण दिसते. राज्याने युद्धाच्या हेतूवर बोट ठेवले की न्यायालय म्हणते, हे तुमचे काम नाही. राज्य म्हणाले की आमच्या गावात टँकर चालवायला माणूस नाही, तर न्यायालयालाही ते बाजूला सारता येत नाही. वहीचे पान घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याने हा निकाल वाचलेला नव्हता.

विरोधकांचे म्हणणेही तुम्हाला सांगायला हवे, कारण ते पोकळ नव्हते. आमच्या सभागृहात एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले होते की प्रत्येक राज्याने असे ठराव केले तर देशाला पन्नास परराष्ट्र धोरणे होतील, आणि तिकडे गस्तीवर असलेल्या पोराला आपल्याच राज्याने पाठ फिरवली असे वाटेल. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर मी बराच विचार केला आहे. म्हणूनच मसुद्यात सैनिकांबद्दलचे कलम पहिले ठेवले आणि त्यात नुसते आभार मानले नाहीत. राज्याच्या नोकरीत असलेल्या गार्डच्या पगारातली तूट राज्य भरून देईल, परत आल्यावर विद्यापीठाची फी माफ होईल, हे जोडविधेयक त्याच दिवशी मांडायला लावले. हे सगळे राज्याच्या पूर्ण अधिकारातले आहे. ठराव एका सभागृहात झाला आणि दुसऱ्यात समितीत राहिला. ते जोडविधेयक मात्र दोन्ही सभागृहांत बिनविरोध झाले.

मंजूर झालेल्या ठरावाची प्रत वॉशिंग्टनला जाते, राज्यातून निवडून गेलेल्या प्रत्येक सदस्याला आणि दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांना. सिनेटमध्ये राज्यांच्या विधिमंडळांकडून आलेली निवेदने काँग्रेसच्या रोजच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात शब्दशः छापतात. बारीक टायपात, वाचणारे थोडे. तरी पाठवणाऱ्या राज्यातून निवडून गेलेला सिनेटर ती वाचतो, कारण उद्या मते मागायला त्याला त्याच गावांत जायचे असते.

व्हर्मांटच्या ठरावानंतर तीनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी २००७ ला, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने सैन्यवाढीला नापसंती दर्शवणारा ठराव २४६ विरुद्ध १८२ असा केला. १७ रिपब्लिकन सदस्यांनी पक्षाची भूमिका सोडून त्या बाजूने मत दिले. तो राज्यांमुळे झाला असे मी म्हणत नाही, तो आधीपासून ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सिनेटमध्ये चर्चा पुढे न्यायला ६० मते हवी होती, मिळाली ५६. मग विषय आला तिथे, जिथे १९७१ च्या निकालाने तो आधीच नेऊन ठेवला होता, म्हणजे पैशावर. माघारीचे वेळापत्रक जोडलेले युद्धखर्चाचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले. बुश यांनी १ मे रोजी नकाराधिकार वापरला. तो मोडायला लागणारी दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. आणि मे महिना संपण्याआधी काँग्रेसने वेळापत्रक काढून पैसे दिले. तिथे हा विरोध संपला. राज्यांचे ठराव वाया गेले असे कोणी म्हणाले तर मी त्याला आधी हे दाखवतो की ज्यांच्या हातात खरी चावी होती त्यांनी ती फिरवली नाही.

कुमक गेली. २००७ हे अमेरिकी सैन्यासाठी इराक युद्धातले सर्वांत जास्त मृत्यूंचे वर्ष ठरले, ९०४ मृत्यू. त्या वर्षाच्या अखेरीपासून हिंसाचार बराच कमी झाला, हेही खरे. जादा सैन्यामुळे किती, अनबारमधल्या सुन्नी टोळ्या अल् कायदाविरुद्ध उभ्या राहिल्यामुळे किती आणि ऑगस्टमध्ये शिया नेता मुक्तदा अल् सद्रने शस्त्रसंधी केल्यामुळे किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. तुमच्या प्रश्नासाठी तो वाद सोडवायची गरज नाही. कुमकेचा उपयोग झाला असे धरले तरी ग्रीन्सबर्गमध्ये ट्रक कमी होते ते होतेच.

भारताशी तुलना तुम्ही विचारलेली नाही, पण मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आपल्या विधिमंडळाने सीमाप्रश्नावर एकमताने ठराव केला, बेळगाव, कारवार, निपाणीसह ८६५ गावे महाराष्ट्रात यावीत म्हणून. त्याच्या काहीच दिवस आधी कर्नाटकाने उलट ठराव केला होता. राज्याची हद्द बदलणे हे संसदेचे काम, आणि दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तरी त्या ठरावाला निपाणीच्या माणसाला विचारल्याशिवाय निरर्थक म्हणू नये. विषय पूर्ण वेगळा, पण यंत्रणा तीच: अधिकार दुसऱ्याकडे, भोगणारी माणसे आपली.

शब्दांबद्दलही एक सांगतो. याच इराक युद्धावर आपल्या संसदेने ८ एप्रिल २००३ रोजी ठराव केला, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदावर मनोहर जोशी होते. सरकारला सौम्य शब्द हवा होता, विरोधकांना कडक. तोडगा भाषेने काढला: हिंदी ठरावात 'निंदा' आला आणि इंग्रजीत त्याचे 'खेद आणि नापसंती' या अंगाचे सौम्य रूप. दोन्ही बाजू समाधानाने घरी गेल्या. त्याच वर्षी जुलैत भारताने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. मसुदे लिहिणाऱ्याला त्या एका शब्दावर किती रात्री गेल्या असतील याची मला कल्पना आहे.

आता ताजी परिस्थिती. गेल्या काही वर्षांत राज्यांमध्ये नव्या प्रकारचे विधेयक फिरते आहे: काँग्रेसने रीतसर युद्ध घोषित केल्याशिवाय राज्याचा गार्ड परदेशातल्या लढाईला सोडायचा नाही. याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनियात एका रिपब्लिकन आमदाराने केली आणि त्यामागे बरेच जण इराक-अफगाणिस्तानातून परत आलेले सैनिक आहेत. २००७ मध्ये जो विषय डेमोक्रॅट आमदारांचा मानला जाई, तो आता दुसऱ्या पक्षातल्या लोकांनी उचलला आहे. ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये आणि न्यू हॅम्पशरच्या प्रतिनिधीगृहात ते मंजूरही झाले. माझ्या मते ते कायदा झाले तरी पर्पिच निकालापुढे टिकणार नाहीत. १९७० च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याचेच हे नवे रूप आहे. मला कोणी विचारले तर मी त्या आमदारांना सांगेन की विधेयकाबरोबर एक साधे कलम जोडा: गार्डची किती माणसे आणि किती वाहने राज्याबाहेर आहेत, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी विधिमंडळाच्या पटलावर ठेवला जाईल. त्याला कोणतेही न्यायालय हात लावायचे कारण नाही, आणि आम्हाला जो आकडा चार आठवडे मागून अर्धवट मिळाला, तो पुढच्या माणसाला मागावा लागणार नाही.

प्रबंधासाठी तुम्ही व्हर्मांटचा २००७ चा ठराव आणि मॅसॅच्युसेट्सचा १९७० चा कायदा शेजारी ठेवून वाचा. दोन्हींतले 'ज्याअर्थी' वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे वाक्य वॉशिंग्टनमधला माणूस लिहू शकला असता का. पुढचे काही अडले तर जरूर विचारा.